भिजणारा दगड, फुगणारी माती

बीदरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आहे. किल्ल्याच्या तटावरून पाहिलं तर जमीन एकदम खाली उतरते आणि मांजरेच्या खोऱ्याचा सखल मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. नदी खाली, शहर वर. अशा जागी पंधराव्या शतकात अहमदशहा वली बहमनीनं गुलबर्ग्याहून आपली राजधानी हलवली. फौज आली, हत्ती-घोडे आले, हमामखाने बांधले गेले, 1472 मध्ये महमूद गवानचा मदरसा उभा राहिला. बहमनी गेले, बरीदशाही आली, आणि 1619 मध्ये विजापूरकरांनी ती बुडवली तोवर बीदर राजधानीच होतं. एवढ्या माणसांना, जनावरांना आणि बागांना या उंच माथ्यावर पाणी पुरवलं कुणी?

पायाखालच्या दगडानं. बीदरचा दगड भिजतो, आणि भिजलेलं पाणी सावकाश परत देतो.

दख्खन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो. बीदरला मात्र कोकणातल्या माणसाला घरचा वाटेल असा तांबडा जांभा आहे. पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचा माथा याच जातीचे. जांभ्याचा तुकडा हातात घेऊन पाहावा. त्यात वेड्यावाकड्या नळ्या असतात, पोकळ्या असतात, करंगळी शिरेल अशी भोकं असतात. पठारावर पडलेला पाऊस या वाटांनी खाली उतरतो. उतरता उतरता जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर लागतो आणि त्याच्याखाली काळा कातळ. तिथून पुढे खाली वाट नाही, म्हणून पाणी आडवं सरकू लागतं. पठाराची कड जिथे तुटते तिथे ते झरा होऊन बाहेर येतं.

बीदरची पुण्यक्षेत्रं या एका रेषेवर कशी वसली आहेत ते पाहिलं की मन थक्क होतं. गुरू नानकांनी दगड बाजूला सारला आणि गोड पाणी वाहू लागलं, अशी श्रद्धा असलेला नानक झिरा साहिब गुरुद्वारा इथलाच. पापनाश महादेवाच्या देवळापाशी झऱ्याच्या पाण्याचं तळं आहे. आणि झरणी नरसिंह! तिथे देवापर्यंत जायला रस्ता नाही, पाणीच आहे. सुमारे 300 मीटर लांबीच्या अंधाऱ्या भुयारातून कमरेएवढ्या, कधी छातीएवढ्या पाण्यात चालत भाविक पुढे जातात. डोक्यावर वटवाघळं असतात, लहान मुलं खांद्यावर घेतलेली असतात, आणि दर्शन होतं ते अंगभर भिजल्यावरच. भूगर्भशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर ते सगळे जण पठाराच्या पोटात मुरलेल्या पावसातून चाललेले असतात. श्रद्धेची नजर आणि ही नजर एकमेकींना छेद देत नाहीत असं मला मनापासून वाटतं. दोघींनाही तिथलं पाणी आटत नाही याचंच नवल आहे.

झरे कडेला फुटतात. वस्ती पठाराच्या मध्यावर हवी असेल तर मुरलेल्या पाण्याला तिकडे वळवावं लागतं. त्यासाठी बहमनी काळात जी युक्ती आली ती इराणची. तिकडे तिला कनात म्हणतात, बीदरला कारेझ किंवा सुरंग बावी. उंच भागात एक मूळ विहीर खणायची, तिच्या तळापासून अगदी मंद उताराचा बोगदा काढायचा, आणि ठरावीक अंतरावर उभी विवरं जमिनीपर्यंत आणायची. त्या विवरांतून खोदकामाची माती वर निघते, हवा आत जाते आणि माणसाला गाळ काढायला उतरता येतं. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडून काढतं, कमी झाला तर गाळ साचतो. पंप नाही, मोट नाही, पाणी केवळ स्वतःच्या वजनानं चालत येतं. वर ऊन कितीही तापलं तरी ते बाष्प होऊन उडत नाही, कारण उन्हाची आणि त्याची गाठच पडत नाही.

बीदरला असे तीन कारेझ ज्ञात आहेत: नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी. नौबादचा सर्वांत लांब, वीसहून अधिक विवरांचा. केरळातल्या चित्तूरच्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणारे व्ही. गोविंदनकुट्टी यांनी 2010 नंतरच्या दशकात या बोगद्यांत उतरून त्यांचे नकाशे तयार केले. त्याच दशकात नौबादच्या कारेझमधला गाळ उपसण्याचं कामही सुरू झालं. अहमदशहाच्या दरबाराचा इराणातल्या किरमाणशी जवळचा संबंध होता. तिथले संत शाह नियामतुल्ला यांचे पुत्र खलिलुल्ला बीदरला येऊन राहिले आणि त्यांची चौखंडी आजही उभी आहे. किरमाण हा तर कनातींचाच मुलूख. पण इराणात हे बोगदे बहुधा डोंगराच्या पायथ्याच्या गाळवाळूत खणलेले असतात. बीदरला ते जांभ्यात खणावे लागले, आणि त्यासाठी जांभ्याच्या भेगा कुठून कुठे जातात हे ज्याला कळलं होतं, त्या माणसाच्या जाणतेपणापुढे मान लवते. दगड कुठे ओला आहे हे त्यानं वरून ओळखलं होतं.

जांभ्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. जमिनीखाली, ओल असेपर्यंत तो मऊ असतो. पहारीनं, कुऱ्हाडीनं त्याचे चौकोनी चिरे काढता येतात. एकदा बाहेर काढून हवेत वाळला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात, आणि मग पुन्हा कितीही पाऊस पडला तरी तो मऊ होत नाही. फ्रान्सिस बुकानननं मलबारात हे पाहिलं आणि 1807 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या दगडाला विटेवरून नाव दिलं. बीदरच्या किल्ल्याचा तिपदरी खंदक याच दगडात कोरलेला आहे. तीन समांतर चर आणि त्यांच्यामध्ये अखंड दगडाच्या भिंती. कोरला तेव्हा दगड सोपा होता, कोरल्यावर अवघड झाला.

पण या तांबड्या दगडाचा जन्म कसा झाला? जांभ्याच्या खाली काळा कातळ आहे हे वर आलंच. जांभा त्या कातळापासूनच तयार झाला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले आणि त्यांचा कातळ झाला. त्यावर युगानुयुगं ऊबदार पाऊस पडत राहिला. पावसाच्या पाण्यात हवेतला कर्बवायू विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आंबट असतं. कातळातले चुन्याचे, सोडियमचे, मॅग्नेशियमचे अंश अशा पाण्यात विरघळून गेले, मागोमाग वाळूचा मूळ पदार्थ असलेली सिलिकाही हळूहळू गेली. लोह आणि ॲल्युमिनियम यांना मात्र पाणी सहजी विरघळवू शकत नाही, म्हणून ती मागे उरली. लोह गंजलं आणि दगड तांबडा झाला. जे निघून गेलं त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या, त्याच या नळ्या आणि पोकळ्या. म्हणजे पाण्यानं आधी लाखो वर्षं भिजवून भिजवून दगडात वाटा केल्या, आणि आज तेच पाणी त्या वाटांनी मुरतं.

आता पठारावरून खाली उतरून भालकी, औरादकडे जावं, किंवा हुमनाबादवरून बसवकल्याण, आळंदकडे. तांबडा रंग संपतो आणि काळी रानं सुरू होतात. ही काळी माती कुठून आली? त्याच कातळातून. एकाच आईबापांची ही दोन लेकरं, आणि त्यांचा स्वभाव इतका उलटा की जांभ्यातून पाणी निघून जातं आणि काळी त्याला धरून ठेवते. हा फरक पाण्यानंच केला. उंच माथ्यावर भिजवणारं पाणी निचरून जात राहिलं आणि जाताना सिलिका, चुना सोबत घेऊन गेलं. सखल भागात पाणी लवकर हललं नाही. तिथे कातळ कुजला, पण त्यातले सिलिका-चुना तिथल्या तिथे राहिले आणि त्यांची एक वेगळीच चिकणमाती घडली. तिला शास्त्रज्ञ स्मेक्टाइट म्हणतात. भिजवणाऱ्या पाण्याला पुढे जायला वाट मिळाली की नाही, एवढ्यावर जांभा आणि काळी हा भेद आहे. हे पहिल्यांदा समजलं तेव्हापासून या रस्त्यानं जाताना मातीचा रंग बदलतो ती जागा मी शोधत असतो.

स्मेक्टाइटचा कण म्हणजे वहीची पानं एकावर एक ठेवावीत तशी रचना असते. एकेक पान इतकं पातळ की एका मिलिमीटरात दहा लाखांच्या आसपास पानं मावतील. ही पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली नसतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि मधल्या फटींत कॅल्शियम, सोडियमसारखे धन भाराचे अणू बसलेले असतात. पाण्याच्या रेणूला एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. त्यामुळे ते त्या अणूंकडे ओढलं जातं, पानांच्या मधे शिरतं आणि पानं एकमेकांपासून दूर सारतं. दूर सरणं नजरेला न दिसण्याइतकं थोडं, पण असे असंख्य कण एकदम फुगले की शेतच्या शेत वर उचललं जातं. जांभ्यातल्या चिकणमातीची पानं मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी त्यांच्या बाहेरून जातं, आत शिरत नाही. म्हणून जांभ्याची माती भिजते पण फुगत नाही.

उन्हाळ्यात हीच काळी आटते आणि भेगाळते. हात आत जाईल एवढ्या रुंद आणि मीटरभर खोल भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस थेट या भेगांतून खाली जातो, शेत तळापासून भिजायला लागतं. मग माती फुगते आणि भेगा बुजतात. भेगा बुजल्यावर पाणी मुरण्याचा वेग इतका घटतो की मोठा पाऊस आला तर त्यातला बराचसा शेतावरून वाहून जातो. म्हणून काळ्या रानात पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडला हे महत्त्वाचं. वर्षाला साडेसातशे ते नऊशे मिलिमीटर पावसाचा हा प्रदेश. रिमझिम, थांबत थांबत आला तर तोच पाऊस पुरून उरतो.

पाऊस उघडला की शेतकरी लगेच औत घालत नाही. तो वापशाची वाट पाहतो. ओली काळी पायाला, तिफणीच्या फणाला चिकटते. वाळली की ढेकूळ लोखंडाला दाद देत नाही. या दोन्हींच्या मधे दोन-चार दिवसांची घात असते. मूठभर माती दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. आपटून तो फुटला तर वापसा आला, चपटा झाला तर अजून थांबायचं. त्या वेळी मातीच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी उतरून गेलेलं असतं आणि त्यांत हवा भरलेली असते, बारीक पोकळ्यांत मात्र पाणी टिकून असतं. बियाण्याला दोन्ही लागतात. बी पाण्यावाचून फुगत नाही आणि हवेवाचून श्वास घेऊ शकत नाही. मृदाशास्त्राच्या पुस्तकात आलेख काढून समजावतात ते त्या मातीच्या लाडवानं पिढ्यानपिढ्या कळत आलं आहे.

काळीचं खरं वैभव रब्बीत दिसतं. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पावसाएवढं पाणी साठतं. परतीचा पाऊस गेला की ज्वारी पेरायची, आणि मग आभाळाकडे बघायचं कारण उरत नाही. पीक मुळं खाली खाली सोडत त्या साठवणीवर वाढतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूरपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत सगळी गावं शेतात जातात. कडब्याची कोप उभारतात, पांडवांची पूजा करतात, भज्जी आणि आंबील खातात, पिकात आंबील शिंपडतात. सरहद्दीच्या अलीकडे मराठी बोलणारी घरं, पलीकडे कन्नड बोलणारी, आणि कितीतरी घरांत दोन्ही. सण एकच, कारण माती एकच. पाऊस जाऊन कितीतरी आठवडे झालेले असतात, आणि तरीही सगळ्यांच्या भोवती ज्वारी हिरवीगार उभी असते. मी तरी याहून मोठा चमत्कार या भागात पाहिलेला नाही.

अर्थात मातीत शिल्लक असलेलं सगळं पाणी पिकाला मिळत नाही. पोकळी जितकी बारीक तितकी पाण्यावरची तिची पकड घट्ट. एका मर्यादेनंतर मुळाची ओढ कमी पडते आणि माती हाताला दमट लागत असतानाही पीक कोमेजतं. ज्या गुणामुळे काळी पाणी राखते, त्याच गुणामुळे शेवटचा हिस्सा ती सोडत नाही. घर बांधणाऱ्यालाही हा गुण त्रास देतो. काळीवर घातलेला पाया दरवर्षी वर-खाली होतो, भिंतींना तिरक्या भेगा जातात, डांबरी रस्त्याला लाटा येतात. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर आणि शेती काळीवर ठेवली, आणि माळवदावरही पांढरी मातीच पसरली. तिला भेगा पडत नाहीत, वरचा थर भिजला की बसून घट्ट होतो आणि खाली पाणी गळू देत नाही. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे महसुलातले जुने शब्द या समजुतीवर उभे आहेत.

याच काळ्या रानातली तूर. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर पिकवण्यापेक्षा तिची डाळ करणं अवघड, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. हरभऱ्याचं टरफल सहज सुटतं. तुरीचं सुटत नाही, कारण टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तो सोडवण्याची जुनी रीत अशी: तूर रात्रभर भिजत घालायची, निथळून तिला लाल माती चोळायची, ढीग करून झाकून ठेवायची, मग कडक उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. भिजल्यावर डाळ आणि टरफल दोन्ही फुगतात, डिंकाचा थर सैल होतो. उन्हात डाळ आकसते, टरफल तिच्याइतकं आकसत नाही, आणि दोघांमध्ये जागा पडते. मग जात्याचा एक फेरा पुरतो. डाळ मिलमध्ये सालीला ओरखडे काढून तेलाचा हात देतात, पाणी शिंपडतात, पुन्हा वाळवतात. तत्त्व तेच. नुसतं भिजवून डाळ सुटत नाही आणि नुसतं वाळवूनही सुटत नाही. आधी फुगवायचं आणि मग आकसू द्यायचं, म्हणजे काळी माती दरवर्षी आपणहून जे करते तेच इथे हातानं करायचं.

आणि आता एका अशा मातीबद्दल, जिचं मोल ती भिजलेली नाही यात आहे.

बिदरीकाम बीदरचं. 2006 मध्ये त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2023 मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. जस्तात थोडं तांबं मिसळून, साधारण सोळास एक या प्रमाणात, भांडं ओततात. साच्याची माती पाण्यानं नाही, एरंडेल आणि राळ घालून मळलेली असते. ओतलेलं भांडं घासून मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरताना रेघ उजळ दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. या टप्प्यावर ते बिदरी दिसतच नाही. जस्त करडं, चांदी पांढरी, नक्षी जवळजवळ गडप. मग किल्ल्यातली माती घेतात, तिच्यात नवसागर आणि पाणी घालून लगदा करतात आणि तापवलेल्या भांड्याला तो चोळतात. बघता बघता करडा धातू गडद काळा होतो आणि चांदी तशीच लखलखत राहते. तांब्याचा तो लहानसा अंश नसेल तर हा काळा रंग चढत नाही. शेवटी तेलाचा हात दिला की काळेपणा आणखी खोल होतो.

माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या ज्या जुन्या भागांत वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथली माती कारागीर निवडतात, आणि चिमूटभर जिभेवर ठेवून तिची परीक्षा करतात. चवीत ते शोधतात तो खारेपणा सोऱ्याच्या जातीच्या क्षारांचा. हे क्षार जुन्या भिंतींच्या आडोशाला, माणसांच्या आणि जनावरांच्या दीर्घ वावरातून मातीत तयार होत जातात. पाण्यात ते फार लवकर विरघळतात. उघड्यावरच्या मातीतून एका पावसाळ्यात ते धुऊन निघतील, आणि बीदरला धुऊन निघालेलं पाणी कुठे जातं ते आपण पाहिलंच आहे: जांभ्याच्या नळ्यांतून खाली. छप्पर असलेल्या अंधाऱ्या दालनांत मात्र ते साचत राहिले. म्हणून कारागिराला किल्ल्यातही जागा पारखून घ्यावी लागते. ज्या कोपऱ्यात कमान ढासळून पाऊस आत येऊ लागला, तिथली माती रंगानं तशीच दिसेल, पण तिनं धातू काळा होणार नाही. त्याची परीक्षा जिभेवर आधीच होते, आणि कारागीर पुढच्या दालनात जातो.